विंडोज ७ वर फायरफॉक्स ईएसआर, पाचपैकी साडेतीन स्टार

देवगडला आमच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये एक जुनाट पीसी आहे, ४ जीबी रॅम, विंडोज ७, हापूसच्या ऑर्डरी, पेट्यांची बिलं, ट्रान्सपोर्टची बिल्टी सगळं त्याच्यावरच. क्रोमने २०२३ मध्ये १०९ व्हर्जननंतर विंडोज ७ ला रामराम ठोकला म्हणून फायरफॉक्सचं ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारं व्हर्जन) टाकलं. स्पीड यथातथाच, चार टॅब उघडले की पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू होतो, आणि काही साइट तर 'ब्राउझर जुना आहे' म्हणून आतच घेत नाहीत.

तरी साडेतीन का दिले ते सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये लय डेंजर होल सापडलं, त्याचा नोंदणी नंबर सीव्हीई-२०२४-९६८०, दहापैकी ९.८ गंभीर. अ‍ॅनिमेशन टाइमलाइनच्या कोडमध्ये एकदा मोकळी केलेली मेमरी ब्राउझर परत वापरायला जायचा आणि तिथे हल्लेखोराने आपला कोड पेरून ठेवला असेल तर तोच चालायचा, म्हणजे नुसतं पेज उघडलं की कार्यक्रम झाला, डाउनलोड नको की क्लिक नको! रॉमकॉम नावाची टोळी हे वापरतही होती, जोडीला विंडोजमधलं दुसरं एक होल घेऊन सँडबॉक्सच्या, म्हणजे ब्राउझरच्या सुरक्षा कुंपणाच्या, बाहेर पडायची आणि मशीनमध्ये बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा, टाकायची. शिकार मुख्यतः युरोप-अमेरिकेत झाली, पण आमच्याकडे सीझनला गिऱ्हाईक कसल्याकसल्या लिंका पाठवतात आणि शेडमधली पोरं त्या बिनधास्त उघडतात, त्यामुळे लांबचं म्हणून सोडून देता येत नाही.

ईएसेट ह्या अँटीव्हायरस कंपनीवाल्यांनी कळवल्यावर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २५ तासांत पॅच, म्हणजे होल बुजवणारा अपडेट, काढला. आणि नुसता नव्या १३१ लाच नाही, आमच्या जुन्या ११५ लाही, ११५.१६.१. हे मला खरंच आवडलं, फुकटच्या मालाला एवढी सर्व्हिस कोण देतं हो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "माका त्यातला कायएक कळना नाय, बिला निघतत मा?" निघतात.

दीड स्टार कापला तो स्लोपणासाठी आणि खाली विंडोज ७ च आहे म्हणून, त्याला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे पॅच जानेवारी २०२० पासून बंद आहेत, तिथे ब्राउझर तरी काय करणार. बँकेचं काम ह्या पीसीवर आम्ही करतच नाही. कोणी टाकणार असाल तर हेल्पमध्ये अबाउट फायरफॉक्स उघडून व्हर्जन बघा, तिथेच अपडेट उतरतं, आणि रीस्टार्टचं बटण आलं की दाबा, त्याशिवाय पॅच लागत नाही.