एस-ॲम्लोडिपिन २.५ : आईच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

आई ६३ वर्षांची, बीपी चार वर्षांपासून. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, शेती कोरडवाहू, त्यामुळे ती अजूनही निंदणाला आणि कापूस वेचायला जातेच. ॲम्लोडिपिन ५ (मिलिग्रॅम) ही बीपीची गोळी तिला चांगली लागू पडली होती, वरचं बीपी १३०-१३५ राहायचं. त्रास एकच, पायावर सूज. गेल्या वर्षी मे महिन्यात जोडवी इतकी रुतली की साबण लावून काढावी लागली. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. किडनीची तपासणी ठीक आली. डिसेंबरात डॉक्टरांनी गोळी बदलून एस-ॲम्लोडिपिन २.५ दिली. आता ऑगस्ट चालू आहे.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. सकाळी अंगणात सडा टाकताना तिला चक्कर आली, मशीन लावलं तर ९८/६०. विचारलं तेव्हा म्हणाली, "डॉक्टरनं ताकद अर्धी केली ना माय, म्हून म्या दोन घेतल्या." चूक माझी. बी.एस्सी.ला हा धडा शिकूनही मी तिला काहीच समजावून सांगितलं नव्हतं.

साध्या ॲम्लोडिपिनमध्ये एकाच रेणूची दोन रूपं निम्मी-निम्मी असतात. अणू तेच, जोडणीही तीच, पण एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. कसंही फिरवा, एकावर एक बसत नाहीत. एकाला एस म्हणतात, दुसऱ्याला आर. रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम आत शिरायची जी वाट असते, ती अडवायचं काम जवळपास सगळं एस रूप करतं. आर रूपाची त्या कामातली ताकद साधारण हजारपटीनं कमी. म्हणजे ५ च्या गोळीत कामाचं होतं २.५ च, आणि नव्या गोळीत तेवढंच वेगळं काढून दिलंय.

आईला मी हे इळ्यावरून सांगितलं. आमच्याकडे सोयाबीन सोंगायला येणारी एक बाई डावखुरी आहे. धार एकाच अंगानं लावलेला उजव्या हाताचा इळा तिला चालत नाही, ती स्वतःचा वेगळा आणते. लोखंड तेच, वाक तेवढाच, पण त्या हातात कापत नाही. आपल्या शरीराचाही असा एक ठरलेला हात आहे. प्रथिनं डाव्या ठेवणीच्या अमिनो आम्लांची बनलेली, म्हणून औषधाचं कोणतं रूप आलं ते त्यांना बरोबर ओळखू येतं. आईला पटलं. दोन गोळ्या बंद झाल्या.

एखाद्या पदार्थाची अशी आरशातली दोन रूपं पहिल्यांदा हातानं वेगळी केली लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानं, १८४८ मध्ये. टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक त्यानं तुरीतले खडे निवडावेत तसे एकेक करून निवडले. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा. कॉलेजात हे वाचलं होतं, पण घरातल्या चिंचेशी त्याचा संबंध मला आत्ता लागला.

भाऊ म्हणाला, मग सगळ्याच औषधांतलं नको ते रूप काढून का टाकत नाहीत? काढतातही. ॲलर्जीच्या सेटिरिझिन १० ऐवजी लेव्होसेटिरिझिन ५ मिळते, ती त्यातलीच. पण दर वेळी हे जमत नाही. थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध, गरोदर बायका मळमळीसाठीही घ्यायच्या; ते १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं आणि १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर हजारो बाळं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली होती. त्याचं एकच रूप दिलं तरी शरीरात ते दुसऱ्यात बदलतं, म्हणून तिथे वेगळं करूनही उपयोग नव्हता.

फरक पडला का? पडला. यंदाच्या मे महिन्यात ऊन तेवढंच होतं, आणि जोडवी बोटातच राहिली. थंडीत सूज उतरली तेव्हा मी काही बोलले नव्हते, थंडीत तशीही ती कमीच असते. उन्हाळा जाऊ दिला आणि मगच लिहायला बसले. सूज पूर्ण गेलेली नाही. लहान धमन्या सैल होतात, शिरा तेवढ्या होत नाहीत, मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. हे औषधाच्या मूळ कामातूनच येतं, त्यामुळे एस रूपातही थोडं राहणारच. यवतमाळला एसटीनं जाऊन आलं की संध्याकाळी चपलेचा पट्टा उमटलेला दिसतो. बीपी आधीइतकंच, १३२/८० च्या जवळपास.

मार्चमध्ये मात्र तीन आठवडे वाया गेले. एका मेडिकलवाल्यानं 'तेच आहे' म्हणून साधी ॲम्लोडिपिन २.५ दिली. आकडा जुळला, औषध निम्मं झालं. बीपी १५८/९४ पर्यंत गेलं तेव्हा मी स्ट्रिप उलटून वाचली, तर नावापुढे 'एस' नव्हता. मला फार राग आला, अजूनही येतो. अक्षर एकच, पण ते पाहायला हवं होतं, त्यानं आणि मीही. तेव्हापासून आई रिकामी स्ट्रिप बटव्यात ठेवते आणि दुकानात आधी तीच पुढे करते.

साधी गोळी आमच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते, ही विकत घ्यावी लागते. साध्या गोळीनं पाय सुजत नसतील तर बदलायचं कारण मला दिसत नाही. सुजत असतील तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बदलू नका. आणि बदललीच तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा, आकडा अर्धा असला तरी गोळी एकच घ्यायची.