गाडी कोणाची अडवली जाते: वर्ण की वर्ग?

अमेरिकेत फुटलेला मागचा दिवा बदलायला पैसे नसलेला चालक पोलिसांकडून अडवला जातो, दंड थकला की अनेक ठिकाणी त्याचा परवाना निलंबित होतो आणि पुढच्या वेळी तोच नवा गुन्हा ठरतो. ही फरफट उघडच वर्गाची आहे. मिसुरी राज्यातील फर्ग्युसन शहराची तिजोरी अशाच दंडांवर भरत होती. अडवण्याचे मूळ कारण मात्र मला वर्णच वाटते. न्याय खात्याच्या २०१५ च्या अहवालानुसार तेथील लोकसंख्येत ६७ टक्के असलेले कृष्णवर्णीय अडवलेल्या चालकांत ८५ टक्के होते. आपल्याला एका वर्षात सात वेळा थांबवल्याचे कृष्णवर्णीय सिनेटर टिम स्कॉट यांनी २०१६ मध्ये सभागृहातच सांगितले. त्यांच्याबाबतीत गरिबीचे कारण कसे लागू पडावे? स्टॅनफर्डच्या अभ्यासात तर अंधारामुळे चेहरा दिसेनासा झाला की अडवलेल्यांमधील कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटत असल्याचे आढळले.