चाचणीचे तीन दिवस, जुळे सोलापुरातल्या एका कॅफेत

फॉर्म्युला वनची मोटारशर्यत पाहायला चार माणसे जमतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु जिथे क्रमांक नाही, गुण नाहीत आणि चषकही नाही, अशी, संघ आपल्या नव्या गाड्या आजमावतात ती हंगामपूर्व चाचणी दिवसाचे आठ तास मोठ्या पडद्यावर दाखवण्याचे धाडस सोलापुरात कोणी करील, असे मला वाटले नव्हते. जुळे सोलापुरातील एका लहानशा कॅफेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ते केले. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे नाव लिहीत नाही. परिसरातील शौकिनांना ते ओळखू येईलच. तिन्ही दिवस मी तिथे होतो आणि हंगाम संपल्यावरच लिहायचे ठरवले होते, कारण चाचणी पाहण्याची जागा चांगली की वाईट, हे तिथे बसून बांधलेले अंदाज कितपत खरे ठरले यावरूनच कळते.

चाचणी २६ ते २८ फेब्रुवारी या काळात बहरीनच्या साखीर येथील ५.४१२ किलोमीटरच्या ट्रॅकवर झाली. आपल्या वेळेनुसार पहिले सत्र दुपारी साडेबाराला आणि दुसरे सायंकाळी साडेपाचला सुरू होत असे. पहिला दिवस नेमका महाशिवरात्रीचा. सिद्धेश्वराच्या दर्शनाची गर्दी ओलांडून मी पोहोचलो, तेव्हा कॅफेत जेमतेम सात-आठ जण होते आणि त्यांतल्या निम्म्यांचा उपवास होता. मालकांनी त्या दिवसापुरता साबुदाणा वडा ठेवला होता. तो गरम होता, तेलकट नव्हता, आणि सोबतची दाण्याची चटणी मागाल तितकी मिळत होती.

त्याच संध्याकाळी साखीरच्या ट्रॅकवरची वीज गेली. दिवे मालवले, लाल झेंडा दाखवला गेला आणि गाड्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघांच्या गॅरेजांत, परतल्या. पडद्यावर अंधार दिसताच आमच्या मालकांचा हात सवयीने इन्व्हर्टरकडे गेला, आणि डोक्यावरचा पंखा चालू आहे हे पाहून ते स्वतःच हसले. बहरीनलाही लोडशेडिंग असते, एवढेच कोणीतरी म्हणाले. वाया गेलेल्या वेळेपोटी आयोजकांनी सत्र तासभर वाढवले, आणि मालकांनीही कुरकूर न करता त्या रात्री दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवले, हे मुद्दाम नोंदवतो.

या जागेचे खरे मोल मात्र मोठ्या पडद्यात नसून गल्ल्याशेजारच्या लहान टीव्हीत आहे. त्यावर प्रत्येक गाडीच्या प्रत्येक लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ दाखवणारा तक्ता अखंड चालू असतो. चाचणीचे नुसते चित्र पाहणाऱ्याची फसगत ठरलेली असते, कारण कोणत्या गाडीत किती इंधन आहे हे कोणताही संघ सांगत नाही, आणि दहा किलो इंधनाने लॅपमागे साधारण तीन दशांश सेकंदांचा फरक पडतो. शर्यतीसाठी शंभराहून अधिक किलो इंधन भरलेली गाडी आणि चार लॅपपुरते इंधन घेतलेली गाडी पडद्यावर सारखीच दिसते. पिटमधून पिंजऱ्यासारखी जाळी लावलेली किंवा अंगावर हिरवा रंग फासलेली गाडी निघाली, की ती वेगासाठी नव्हे, तर हवेचा प्रवाह मोजण्यासाठी निघाली आहे, हे नवख्या प्रेक्षकांना समजावून सांगणारे एक गृहस्थ तिथे नेहमी असतात. अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कारखान्यात ते जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती करणारे कारागीर, होते. मागावर नवा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढवल्यावर पहिले काही हात कापड आम्ही कधी हिशेबात धरलेच नाही, असे ते सांगत होते.

दुसऱ्या दिवशी विल्यम्स संघाच्या कार्लोस साइन्झने १ मिनिट २९.३४८ सेकंदांची वेळ नोंदवली, जी तिन्ही दिवसांत सर्वांत जलद ठरली, आणि कॅफेतील तरुण मंडळींनी टाळ्या वाजवल्या. जॉबरकाका मात्र लहान टीव्हीपुढून हलले नाहीत. मॅक्लारेन संघाचा लँडो नॉरिस तेव्हा शर्यतीची पूर्ण तालीम करत होता आणि टायर झिजत असूनही त्याच्या लॅपची वेळ फारशी वाढत नव्हती. वर्षअखेरीस नॉरिस मॅक्स वर्स्टापेनपेक्षा दोन गुण अधिक मिळवून विश्वविजेता झाला, मॅक्लारेनने संघांचे विजेतेपद राखले आणि विल्यम्स पाचव्या स्थानी राहिली.

आता तक्रारी. तो लहान टीव्ही खांबाआड येतो, त्यामुळे पाचपैकी केवळ दोन टेबलांवरून तो नीट वाचता येतो; आणि टेबलामागे दीडशे रुपयांचा किमान खर्च मात्र पाचही टेबलांना सारखाच आहे. कॉफी पहिल्या दिवशी उत्तम, तिसऱ्या दिवशी पाणचट होती. तिसऱ्या दिवशी तर चॅम्पियन्स करंडकातील अफगाणिस्तान-ऑस्ट्रेलिया सामना सुरू होताच मोठा पडदा विनाचर्चा क्रिकेटकडे वळवण्यात आला. ट्रॅकवर चक्क एक बस शिरल्यामुळे चाचणी थांबवावी लागली, ही बातमी आम्हाला समोर पडदा असूनही मोबाइलवर वाचावी लागली. लाहोरचा पाऊस थांबेना, तेव्हा कुठे साखीर परत आले. आगाऊ पैसे दिलेल्या ग्राहकांना एकदा तरी विचारायला हवे होते, असे माझे मत आहे.

हा मुद्दा पुढील वर्षी अधिकच टोकदार होणार आहे. २०२६ मध्ये इंजिनाचे आणि गाडीच्या बांधणीचे नियम एकाच वेळी बदलत आहेत आणि कॅडिलॅकच्या रूपाने अकरावा संघ येत आहे. बार्सिलोनाची जानेवारीतील चाचणी बंद दाराआड होणार असल्यामुळे बहरीनच्या ११ ते १३ आणि १८ ते २० फेब्रुवारीच्या चाचण्यांकडेच सर्वांचे लक्ष राहील. नेमका त्याच काळात टी-ट्वेंटी विश्वचषकही आहे. मी मालकांना विचारले, तेव्हा मोठा पडदा क्रिकेटलाच जाईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. लहान टीव्ही मात्र हलवणार नाही, असा शब्द दिला आहे. जाणार असाल, तर गल्ल्यालगतचे टेबल आधीच सांगून ठेवा, आणि त्यातली भिंतीकडची खुर्ची जॉबरकाकांसाठी सोडा.