2 लिटरच्या कोट्यात काय बसवायचं: ग्यूझ, फ्लँडर्स रेड की क्रीक?

भाचा डिसेंबरात ब्रसेल्सहून येतोय आणि त्याचा मेसेज आला, मामा तुमची ती आंबट बीअर आणतो पण नाव सांगा, इथे दुकानात भिंतभर बाटल्या आहेत. ग्रुपवर अजून दोघा-तिघांनी हेच विचारलंय म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. ड्यूटी फ्रीमधला कोटा माणशी 2 लिटरचा, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आणि 375 ची एक, झाले 1875 मिली, विषय संपला. त्यात चुकीची बाटली आली तर पुढचा चान्स थेट पुढच्या वर्षी, म्हणून आधी नीट ठरवलेलं बरं.

गेल्या जानेवारीत आम्ही इंदूरला राजेंद्र नगरच्या घरच्या गच्चीवर ग्यूझ, फ्लँडर्स रेड आणि क्रीक हे बेल्जियमच्या आंबट बीअरचे तिन्ही प्रकार एकाच रात्री शेजारी शेजारी ठेवून चाखले. मी, बायको, मेहुणा (आयुष्यभर थंडगार लागर पिणारा) आणि शेजारचे काका, ज्यांना व्हिस्कीशिवाय काही चालत नाही. चौघांची जीभ चार तऱ्हेची, त्यामुळे जे कळलं ते फक्त माझ्या आवडीपुरतं नाही.

आधी एक गोष्ट. पुण्या-मुंबईच्या टॅपरूममध्ये 'सावर' म्हणून जी बीअर मिळते ती बहुतेक वेळा केटल सावर असते, आणि ही पिंपातली आंबट बीअर म्हणजे अगदी वेगळी चीज आहे. केटल सावर म्हणजे दही. माल्टच्या गरम रसात लॅक्टोबॅसिलस जंतूंचं विरजण घालायचं, एक-दोन दिवसांत आंबट झालं की उकळून जंतू मारायचे आणि मग नेहमीचं यीस्ट, काही आठवड्यांत बीअर तयार. वाईट अजिबात नाही, पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची कोकम आणि मीठ घातलेली मी तिथे जाऊन प्यायलोय आणि मे महिन्यात त्याच्याइतकं बरं काही नाही. पण लॅम्बिक, म्हणजे ग्यूझ आणि क्रीक ज्यापासून होतात ती बीअर, म्हणजे विरजण न घालता आंबवलेलं डोशाचं पीठ. गरम रस एका उथळ, पसरट टाकीत रात्रभर उघडा ठेवतात, हवेतलं आणि त्या इमारतीतलं जे काही पडेल ते पडू देतात आणि सकाळी लाकडी पिंपात भरून टाकतात. हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिलच करतात कारण उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू फार.

त्यानंतर पिंपात जे होतं ते मला सगळ्यात भारी वाटतं. पहिला महिनाभर आतड्यातल्या जंतूंच्या जातकुळीचे जंतू, मग साधं यीस्ट येऊन साखर खातं, मग काही महिन्यांनी पेडिओकोकस नावाचा जंतू आंबटपणा आणतो आणि बऱ्याचदा तेव्हा बीअरला चक्क तार सुटते. आपल्याकडे वरणाला तार सुटली की सरळ मोरीत. तिथे त्याला बीअर 'आजारी' पडली म्हणतात आणि थांबतात, कारण ब्रेटानोमायसिस नावाचं जंगली यीस्ट हळूहळू ती तार खाऊन टाकतं आणि जाता जाता तो वास देऊन जातं ज्यासाठी ही बीअर प्यायची. हे यीस्ट 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लाउसेननी इंग्लिश बीअरमधून वेगळं काढलं, म्हणून नावाचा अर्थच 'ब्रिटिश बुरशी'.

पिंपाबद्दल पण एक गैरसमज काढून टाका. बॅरल एज्ड वाचलं की काकांना वाटलं व्हिस्कीसारखा व्हॅनिला आणि धूर येणार. आंबट बीअरसाठी पिंप मुद्दाम जुनं, वापरून लाकडाची चव निघून गेलेलं घेतात, बहुतेकदा वाइनचं. लाकडाचं काम दोनच, जंतूंना घर देणं आणि हवा अगदी कणाकणाने आत सोडणं. लोणच्याची बरणी हवाबंद हवी, हे पिंप मात्र श्वास घेणारं हवं. छोट्या पिंपात हवा जास्त लागते म्हणून शिरक्याकडे झुकायची भीती जास्त, मोठ्या टाकीत कमी.

आता बाटल्या.

ग्यूझ म्हणजे 1, 2 आणि 3 वर्षं जुन्या लॅम्बिकचं मिश्रण. लहानग्या बीअरमध्ये साखर शिल्लक असते, ती बाटलीत परत आंबते आणि शँपेनसारखे बुडबुडे येतात. आम्ही बून या ब्रूअरीची औदे ग्यूझ घेतली होती, 7 टक्के अल्कोहोल. तारेची जाळी काढून बूच सैल केलं तर खालच्या मजल्यावरच्यांनी काय फुटलं म्हणून विचारलं. रंग जुन्या मधाचा, फेस पांढरा आणि बारीक. आणि वास, इथेच माणसं दोन गटांत पडतात. पावसाळ्यानंतर धान्याची कोठी उघडल्यावर येतो तसा, ओलं गवत, किंचित गोठा, मागून लिंबाची साल. मेहुणा ग्लास नाकाशी नेऊन म्हणाला, भाऊजी ही खराब झालीये. मी म्हटलं पाच मिनिटं थांब, नाकाला सवय होऊ दे, मग घोट घे. घोट घेतल्यावर पहिल्यांदा जबडा आवळला जातो, मग सगळं कोरडं होतं, गोडाचा अंशही नाही, आणि मग आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर लागते तशी एक गोडसर आठवण मागे राहते. दुसऱ्या ग्लासाला मेहुणा गप्प होता आणि तिसऱ्याला बाटलीत किती उरली ते बघत होता.

ग्यूझबरोबर काय खायचं हे आम्ही ब्रसेल्सच्याच पद्धतीवरून उचललं. तिकडे लॅम्बिकबरोबर ब्रेडवर मऊ ताजं चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात खातात. आपल्याकडे चक्का आहे, जानेवारीत मुळा कोवळा असतो, भाकरी आहे. गरम ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यावर मीठ घातलेला चक्का, वर मुळा, पात, आणि मग एक घोट. मुळ्याचा झणका आणि बीअरचा आंबटपणा एकमेकांना असे धरतात की आधी कोणी हे इंदूरला का केलं नाही असं वाटतं. आणि गराडू, आमच्याकडचा हिवाळी कंद. सराफ्यातून तळून आणलेले, वर तो मसाला आणि लिंबू, तूप-तेलाचा थर ग्यूझ एका घोटात धुऊन काढते. जिरावन मसाला घातलेल्या पोह्यांबरोबर मात्र जमलं नाही, पोह्यांत साखर असते आणि त्यापुढे बीअर अजूनच कडक लागते.

दुसरी फ्लँडर्स रेड, रोडेनबाख ग्रां क्रू, 6 टक्के. ही हवेवर सोडलेली नाही, मिश्र कल्चरने, म्हणजे यीस्ट आणि जंतूंच्या एकत्र विरजणाने आंबवलेली आणि मग ओकच्या प्रचंड उभ्या टाक्यांमध्ये ठेवलेली. बेल्जियममधल्या रूसेलारे गावी रोडेनबाखकडे अशा 294 टाक्या आहेत. ग्रां क्रूमध्ये दोन तृतीयांश बीअर दोन वर्षं मुरलेली आणि एक तृतीयांश तरुण. त्यांच्याच साध्या बाटलीत प्रमाण उलटं, तरुण जास्त आणि मुरलेली कमी, म्हणून ती हलकी लागते. रंग तपकिरी लाल, आगळात पाणी घातल्यासारखा. वासात खजूर, वाळलेली चेरी आणि शिरका, अगदी पातळ शिरका. काकांनी एकच घोट घेतला आणि म्हणाले अरे ही तर चिंच-गुळाची चटणी! बरोब्बर. छप्पनवर किंवा सराफ्यात ज्याने आयुष्यभर चाट खाल्लीये त्याच्या जिभेला ही बीअर परकी नाहीच. आंबट आहे पण मागे माल्टचा गोडवा धरून ठेवतो, शेवटी लाकडाचा थोडा तुरटपणा. चौघांनाही पहिल्या घोटात आवडली अशी ही एकटी.

अजून गोडाकडे हवी असेल तर डशेस द बुर्गोन्य, 6.2 टक्के, 8 आणि 18 महिने जुन्या बीअरचं मिश्रण. वाइन पिणाऱ्या पाहुण्यांना ती द्या. मला दुसऱ्या ग्लासाला जड होते.

तिसरी क्रीक, म्हणजे लॅम्बिकमध्ये आंबट चेरी महिनोन्महिने भिजवलेली. फसायचा धोका सगळ्यात जास्त इथे आहे, म्हणून नीट वाचा. क्रीक आणि फ्रांबोआज (रास्पबेरीवाली) नावाच्या खूपशा बाटल्या नंतर साखर किंवा रस घालून गोड केलेल्या असतात. लिंडेमान्सची फ्रांबोआज 2.5 टक्के आहे आणि ती रास्पबेरीचं गोड सरबत म्हणून छान आहे, पण भाच्याच्या बॅगेतली पाऊण लिटर जागा तिला देऊ नका. लेबलवर औदे हा शब्द शोधायचा, ओ-यू-डी-ई. ग्यूझ असो की क्रीक, तो शब्द असेल तर आत खरं उत्स्फूर्त आंबवण आणि बाटलीतली दुसरी आंबवणी. आमची औदे क्रीक होती. बायकोला तिन्हींत हीच सर्वात आवडली, ती म्हणाली जांभूळ आणि फालसा एकत्र चुरून ठेवलाय आणि वर मीठ नाही एवढंच. चेरीच्या बियांमुळे मागे बदामाचा वास येतो तो तिने माझ्याआधी ओळखला. पण खरं सांगतो, ही बाटली उघडल्यावर लवकर प्यायची चीज आहे, आणि घरी ठेवली तरी वर्षागणिक फळ फिकं पडतं, तर ग्यूझ वर्षानुवर्षं सुधारत जाते.

ठेवण्यावरून आठवलं. इंदूरला मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि दोन वर्षांपूर्वी एक फ्लँडर्स रेड मी माळ्यावर उभी ठेवून दिली होती, खास दिवसासाठी म्हणून. ऑक्टोबरात काढली तर बूच सुकलेलं, मानेवर ओघळ, गॅस गेलेला, वास ओल्या पुठ्ठ्याचा आणि चव नुसत्या शिरक्याची. मोरीत ओतताना जीव तुटला. तेव्हापासून नियम, ज्या घरात गार कोपरा नाही तिथे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायची. फार गार असली की वास येतच नाही, 10-12 डिग्रीला खरी उघडते, आणि इंदूरच्या जानेवारीत गच्चीच तेवढी गार असते. ग्लास बीअरचा मग नको, वाइनचा किंवा साधा काचेचा पेला, एका वेळी शंभर-दीडशे मिली. ग्यूझ आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसतो.

आणि ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी यातलं काहीच रिकाम्या पोटी घेऊ नका. साध्या बीअरचा पीएच 4 च्या वर असतो, हिचा साधारण 3.3 ते 3.5, आणि पीएच जितका कमी तितकं जास्त आंबट, म्हणजे आंबटपणात मोठा फरक. काका दुसऱ्या दिवशी सकाळी ताक मागायला आले होते.

तर मग ठरवायचं कसं. 'कमी आंबट कुठली' असं दुकानदाराला विचारू नका, आंबट कशासारखं हवं ते स्वतःला विचारा. घरात चिंच-गूळ, चाट, खजूर आवडत असेल आणि ही पहिलीच वेळ असेल तर डोळे मिटून फ्लँडर्स रेड, त्यातही ग्रां क्रू. कैरी, आवळा, कोरडी वाइन, ताक मीठ घालून पिणारी माणसं असतील तर ग्यूझ, पण तिला संध्याकाळ द्या, जेवण द्या, आणि पहिल्या वासावर निकाल देऊ नका. क्रीक दोघांत वाटून प्यायची, मोठी बाटली नकोच. अमेरिकेहून कोणी येत असेल तर वाइल्ड एल (जंगली यीस्टची बीअर) लिहिलेल्या बाटल्या मिळतात, तिकडे बहुतेक जण कल्चर स्वतः घालतात आणि वाइनच्या पिंपात ठेवतात, त्यामुळे एका बाटलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, लेबलवर पिंप कसलं आणि किती महिने ते वाचूनच घ्या.

मी भाच्याला कळवलंय, 750 ची औदे ग्यूझ एक, 750 ची ग्रां क्रू एक, आणि 375 ची औदे क्रीक मामीसाठी. मोज्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत, मधोमध, कपड्यांत. रात्री त्याने दुकानातल्या शेल्फचा फोटो पाठवला, हीच ना मामा म्हणून, आणि फोटोत गोडवाली क्रीक होती. परत पाठवलं, ओ-यू-डी-ई बघ. गराडूचा सीझन तेव्हा चालू असेल, आणि यंदा मुळा, पात आणि चक्का मेहुणा आणणार आहे, त्याने स्वतःहून सांगितलंय.