तीन थरांच्या लाल रंगावरील टवके : टच-अप संच काही महिने वापरल्यानंतर

माझ्या वापरात असलेली माझदा एमएक्स-५ ही ‘सोल रेड क्रिस्टल’ रंगाची आहे. गाडी जमिनीलगत असल्यामुळे पुढच्या वाहनांच्या चाकांखालून उडालेले खडे थेट बंपरवर आणि बॉनेटच्या कडेवर बसतात, तर मागच्या चाकांपुढील पत्र्याला गाडीच्या स्वतःच्याच टायरांनी उडवलेल्या खड्यांचा मार लागतो. अशा बारीक टवक्यांसाठी मी दोन रंग आणि क्लिअर कोट (सर्वांत वरचा पारदर्शक थर) अशा तीन बाटल्यांचा टच-अप संच घेतला. हातभर अंतरावरून टवका दिसू नये, इतके काम तो उत्तम करतो. मात्र जवळून आणि तिरप्या उन्हात पाहिल्यास दुरुस्ती ओळखू येते.

या रंगाचा कोड ४६व्ही असून तो दाराच्या खांबावरील पट्टीवर पाहून मगच संच मागवावा, कारण याच कंपनीचा आधीचा ‘सोल रेड’ म्हणजे ४१व्ही हा वेगळा रंग आहे. कोड जुळला तरी छटा जुळेलच असे नाही. या रंगात खाली अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण असलेला, प्रकाश परतवणारा थर असतो, त्यावर अर्धपारदर्शक लाल थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट. प्रकाश लाल थरातून आत जाऊन खालच्या थरावरून परत येत असल्यामुळे लाल थर जितका जाड, तितकी छटा गडद होत जाते. त्यामुळे गाडीला हात लावण्यापूर्वी मी पांढऱ्या पुठ्ठ्यावर खालचा थर देऊन त्याच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवर लाल रंगाचा एक, दोन, तीन असे हात दिले, प्रत्येक पट्टीवर क्लिअर कोट चढवला आणि ते सुकल्यावर पुठ्ठा बॉनेटवर धरून उन्हात व सावलीत, समोरून व बाजूने पाहिला. संचासोबत आलेल्या पत्रकापेक्षा मला या पुठ्ठ्याचा उपयोग कितीतरी जास्त झाला.

बाटलीच्या झाकणातील ब्रश मात्र निरुपयोगी आहे. त्यातून उतरणारा थेंब टवक्यापेक्षा मोठा असतो आणि भोवतीच्या शाबूत रंगावर पसरून कायमचा उंचवटा करून ठेवतो. चित्रकलेचा तीन शून्य क्रमांकाचा ब्रश घ्यावा, बाटली बराच वेळ हलवून तळाशी बसलेले कण वर आणावेत आणि ब्रशच्या टोकावर मावेल तेवढाच रंग टवक्याच्या मध्यभागी टेकवावा. तो आपोआप कडेपर्यंत सरकतो. द्रावक उडून गेला की रंग आक्रसतो व मध्ये खळगा पडतो, म्हणून एकदाच जाड भरण्यापेक्षा पातळ हात देत जाणेच योग्य. त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने मेण व तेलकटपणा काढणे आणि सुटलेल्या खपल्या लाकडी काडीने उचलणे आवश्यक आहे.

पृष्ठभागही सर्वत्र सारखा नाही. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने तिथे गंजाची भीती नाही. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे आहे. त्यावर तांबडा गंज चढत नसला तरी रंगाखाली पांढरी भुकटी धरून फुगवटे येऊ शकतात. मागच्या चाकांपुढचा पत्रा मात्र पोलादी आहे, म्हणून तिथे धातू उघडा पडला असेल, तर आधी प्रायमर, म्हणजे धातूवर रंगाखाली द्यायचा पहिला थर, लावावाच.

क्लिअर कोट आठवडाभर वाळू दिल्यानंतर मी २००० व मग ३००० क्रमांकाचा पॉलिश पेपर ओला करून केवळ उंचवट्यावर फिरवला आणि पॉलिश करण्याच्या कंपाऊंडने चमक आणली. मूळ क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असल्यामुळे येथे हात अतिशय हलका हवा.

इतक्या महिन्यांनंतर, अनेक धुण्यांनंतरही, एकही भराव सुटलेला नाही. छटा बॉनेटच्या कडेवर सर्वांत चांगली जुळली. समोरून पाहताना टवका शोधावा लागतो. बाजूने पाहिल्यास मात्र तोच ठिपका किंचित काळपट दिसतो. कारखान्यात फवाऱ्याने बसलेले कण पृष्ठभागाला समांतर असतात, ब्रशने लावलेले वाटेल तसे पडतात, आणि यावर घरी करता येण्याजोगा उपाय मला दिसत नाही. म्हणूनच नखापेक्षा मोठ्या टवक्यांवर किंवा लांब ओरखड्यांवर मी हा संच वापरणार नाही. ते काम फवारणी करून कडा विरवणाऱ्या जाणकार रंगाऱ्याचेच आहे. मागच्या चाकांपुढे रंग पूर्ण कडक झाल्यावर पारदर्शक संरक्षक फिल्म लावली असून तिथे त्यानंतर नवा टवका उडालेला नाही.