कोंबडीला चष्मा लावून दादागिरी थांबते का? वापरून बघितला, रिव्ह्यू देतेय

पाचपैकी तीन स्टार. चष्मा चालतो, पण तुमच्या खुराड्यात भांडण नक्की कशाचं चाललंय ते आधी बघा, नाहीतर पैसे पाण्यात.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. प्लॅस्टिकचा लाल चष्मा, काच वगैरे काही नाही, दोन आंधळ्या झापडी आणि मधे दोन बारीक टोकं जी कोंबडीच्या नाकपुड्यांत बसतात. कोंबडी नेम धरून समोर टोचते, तेच समोरचं झाकलं जातं, बाजूचं मात्र दिसतं त्यामुळे फिरणं, दाणा-पाणी सगळं चालू राहतं. नाकातून आरपार पिन घालायचा पण एक प्रकार मिळतो, तो अजिबात घेऊ नका, बिचारीच्या नाकाला भोक पाडायचं म्हणजे काय! बिनपिनचाच घ्या. आणि हे फॅड आजकालचं नाही बरं का, अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन नावाच्या माणसाने १९०३ साली कोंबडीच्या चष्म्याचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा उद्देश होता डोळे वाचवायचा. नंतर लाल काचांचे आले, म्हणजे रक्ताचा लाल रंग उठून दिसू नये.

आमचं घर गोराई गावात, मागे छोटं परस, त्यात गावठी कोंबड्या, एक कडकनाथ आणि एक दांडगी तांबडी. नवीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या आणि तांबडीने त्यांचं जगणं नको करून टाकलं. दाण्याजवळ फिरकू द्यायची नाही हे ठीक आहे, पण ती शेपटीच्या बुडाची पिसं उपटून खायला लागली, कातडी उघडी पडली, रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचणार. ऑर्डर केली तर कुरिअरवाला म्हणे खाडीपलीकडे येत नाही, जेट्टीवर येऊन न्या, मग बोरिवलीला जाऊन घेतलं पार्सल. सोबत चिमटी येते, तिने चष्मा फाकवायचा आणि टोकं नाकपुडीत सोडायची. एकाने कोंबडी टॉवेलमधे गुंडाळून धरायची, दुसऱ्याने लावायचा, एकट्याने होत नाही.

लावल्यावर तांबडी उलटी उलटी चालायला लागली, मान झटकतेय, पायाने ओरबाडतेय, भिंतीला धडकतेय. शेजारच्या मावशी कुंपणावरून बघत होत्या, म्हणाल्या, "काय गं, कोंबडीला पण नंबर लागला का?" संध्याकाळपर्यंत सवय झाली. एक लक्षात ठेवा, दाणा खोल भांड्यात द्या, उथळ ताटलीतला किंवा जमिनीवर फेकलेला दाणा तिला नीट टिपता येत नाही.

रिझल्ट? पिसं उपटणं बंद, एकदम बंद. तलंगांच्या पाठीवर नवीन पिसं फुटायला लागली. त्या बाबतीत पैसे वसूल.

पण दादागिरी गेली का, तर नाही! चष्मा लावूनही तांबडी छाती काढून अंगावर जायचीच आणि तलंगा बाजूला व्हायच्याच. कारण ती उतरंड कोंबड्यांच्या डोक्यात असते, कोणी कोणाला टोचायचं हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बे या माणसाने १९२१ मधे हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं. नवीन पक्षी आला की ती उतरंड पुन्हा मांडली जाते, थोडी झटापट होणारच, ती होऊ द्यावी. रक्त निघालं किंवा एखादी कोपऱ्यात उपाशी बसायला लागली तरच मधे पडायचं. आणि तेव्हा वेगळी काढायची ती मारणारीला, मार खाणारीला नाही. दादा चार-पाच दिवस बाहेर राहिला की परत आल्यावर त्यालाच नव्याने जागा शोधावी लागते, तोरा उतरतो. मार खाणारी बाहेर ठेवली तर परत आल्यावर तिची अजून वाट लागते.

खरा फरक पडला दुसऱ्या दाण्याच्या भांड्याने, तेही पहिल्यापासून दिसणार नाही असं पाण्याच्या टाकीमागे ठेवलं. तांबडी एका वेळी दोन्हीकडे कुठे राखण करणार? पुस्तकी हिशोब सांगतो कोंबडीमागे खुराड्यात चार चौरस फूट आणि बाहेर आठ-दहा, मुंबईत माणसाला मिळत नाही तेवढी जागा पण असो. पावसाळ्यात सगळ्या आत कोंडल्या की भांडणं वाढतातच, तेव्हा कोबीचा गड्डा दोरीने टांगून ठेवते, टोचायचं तर त्याला टोचा. दुसरं म्हणजे प्रोटीन. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात साधारण १६ टक्के लागतं, नुसत्या तांदळाच्या कण्यांवर ठेवलं की पिसं खायला लागतात. मी लेअर मॅशमधे, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार भरड खाद्यात, बिनमिठाचा सुका जवळा थोडा कुटून घालते, जास्त नको, अंड्याला वास येतो मग घरचेच नाक मुरडतात.

चष्म्याचे तोटे पण ऐका. पूर्ण वाढलेल्या मोठ्या कोंबडीलाच नीट बसतो, आमच्या बारक्या गावठीच्या चोचीवरून दोनदा गळून पडला. पावसात चिखल आणि मॅशचा भुगा नाकपुडीशी अडकतो, रोज संध्याकाळी बघून पुसायला लागतं नाहीतर शिंका सुरू. आणि समोरून मांजर आलं तर तिला कळत नाही, कावळे-घारी आहेतच, त्यामुळे चष्मेवालीला मोकळी सोडू नका. कायमचा तर मुळीच ठेवू नका, पिसं भरून आली की काढा. विकणाऱ्याने पानावर "भांडणं कायमची बंद" असं छापलंय ती शुद्ध थाप आहे, एक स्टार त्याचाच कापला. दुसरा साइज न लिहिल्याबद्दल.

म्हणजे एकच कोंबडी पिसं उपटणारी असेल तर जरूर घ्या, अख्ख्या खुराड्याला चष्मे लावायचा विचार असेल तर त्याच पैशात दुसरं भांडं आणि चांगलं खाद्य आणा. पाकिटात बरेच चष्मे येतात, माझ्याकडे उरलेत, गोराई-मनोरीकडे कोणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा. चिमटी मात्र परत आणून द्यायची.