दरडावणारा मालक की गोड बोलणारा? मागावरच्या एकांकिकेसाठी

सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यावर एकांकिका लिहायची आणि तिच्यात कामगारांना डोकं चालवू न देणारा मालक हवा, तर पहिला प्रश्न त्याच्या जातकुळीचा.

दरडावणारा लिहायला सोपा. "तुला कुणी विचारलं बे? सांगितलं तेवढं कर!" एवढ्यात माणूस कळतो. हजार-बाराशे शब्दांच्या कथेला हाच घ्या. पण 40 मिनिटांच्या प्रयोगात तो दहाव्या मिनिटाला संपतो, पुढे फक्त आवाज चढतो. त्यात मागांच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात, तिथे ओरडणं म्हणजे राग असं वाटतच नाही. त्याला वापरायचंच असेल तर ऐन वाक्यात वीज घालवा. माग थांबतात आणि उरलेली शिवी अख्ख्या शेडला ऐकू जाते.

गोड मालक म्हणतो, "बाळा, डोक्याला ताण कशाला? मी आहे ना." अडीअडचणीला उचल देतो, पोरीच्या लग्नाला पहिल्या पंगतीत असतो. त्याची बंदी कामगार आपण होऊन पाळतो. इथे धोका लेखकालाच. तो मालकाच्या प्रेमात पडतो आणि शेवटी मालक देवमाणूस निघतो. हे टाळायचं तर बंदीची किंमत मालात दिसली पाहिजे.

त्यासाठी चादर आहेच. जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्रावर, पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एखादं कार्ड उलटं ओवलं गेलं, तर नक्षी फिरून येईल तेव्हा तीच आडवी रेघ बिघडते. मागावरच्या माणसाला हे पहिल्याच चादरीत दिसतं. दरडावणाऱ्याच्या हाताखाली तो गप्प राहतो आणि मनात बिघडलेल्या चादरी मोजतो, म्हणजे शेवट सूडाकडे जातो. गोड मालकाकडे तो "मालकांनी बघूनच लावलं असेल" म्हणतो आणि स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतो. नाटक या दुसऱ्या गप्प बसण्यात आहे.

काळ आजचा असेल तर जरा जपून. इलेक्ट्रॉनिक जकार्डला पुठ्ठा नसतो, नक्षी फाइलमधून येते. तिथे चूकही फाइलमध्येच घाला.

"वर विचारून सांगतो"वाला मॅनेजर तिसरा. दोन प्रवेशांपुरता विनोद, जास्त नको.

एकांकिकेला गोड मालकच घ्या. उलटं कार्ड प्रेक्षकांना पाचव्या मिनिटाला कळू द्या, मालकाला गठ्ठे बांधून झाल्यावर. बिघडलेली रेघ धाग्याएवढीच, मागच्या रांगेला काही दिसायची नाही. म्हणून घडी घालताना कामगाराचं बोट दर चादरीवर त्याच जागी अडू द्या.